बसून उतरलेल्या पायऱ्या

आई, मी जाऊन आले. एकटी, ट्रेननं, पोलिओच्या पायात कॅलिपर घालून आणि कुणालाही न विचारता. तुला हे कळवायलाच हवं होतं असं नाही. तू गेलीस तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. आता ती केंब्रिजला संशोधन करते आणि तुझ्यापेक्षा वरच्या पट्टीत मला रागावते. म्हणजे तुझी परवानगी मागायची सवय सुटायला मला भरपूर अवधी मिळाला होता. पण ती सुटली नव्हती. इथं नॉटिंगहॅमच्या घरात जिना चढताना मी अजूनही कठड्याला हात लावायच्या आधी जरा थबकते, कारण मी कठडा धरलेला तुला खपायचा नाही. म्हणून सांगते आहे. जपानमध्ये कुराशिकी नावाचं एक गाव आहे. तिथं जुन्या गोदामांच्या मधून एक कालवा जातो आणि त्यात लांबट लाकडी होड्या चालतात. त्यातल्या एका होडीत मी बसले. कशी बसले ते ऐकलंस तर तुला राग येईल. येऊ दे.

सुरुवात आपल्या नागपूरच्या स्वयंपाकघरापासून करावी लागेल, कारण माझं उभं राहणं तिथं सुरू झालं. मला पोलिओ झाला तेव्हा मी नुकती चालायला लागले होते असं तू सांगायचीस. मला ते चालणं आठवत नाही. मला आठवतो तो ओटा. सकाळी शाळेत जायच्या आधी तू पोळ्या करायचीस आणि मला ओट्याच्या कडेला उभी करायचीस. कॅलिपरचे पट्टे आवळून झाले की तू पाठ फिरवायचीस, आणि शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत मी बसायचं नाही असा नियम होता. मांडी थरथरायला लागायची. स्टोव्हचा आवाज, तुझ्या बांगड्या, पोळपाटावर लाटणं फिरतंय आणि माझ्या कपाळावरून घाम उतरतोय. मी कण्हले तर तू वळून न बघता म्हणायचीस, "उभी राय." पाहुणे यायचे असले की पोळ्या जास्त, म्हणजे उभं राहणंही जास्त; पाहुण्यांचा मला तेव्हापासून राग आहे. बाबा गिरणीतली रात्रपाळी संपवून यायचे, दारातून आम्हा दोघींकडे पाहायचे आणि अंघोळीला जायचे. त्या ओट्यानं मला चालवलं हे मी नाकारत नाही, आई. डॉक्टरांनी आशा सोडली होती तिथं तू हट्टानं मला उभं केलंस. पण मी बसले की तुझ्या चेहऱ्यावर जे उमटायचं, ते मी पुढं कित्येक वर्षं सोबत घेऊन फिरले.

इथं नॉटिंगहॅमला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले तेव्हा माझ्या बेंचपाशी एक उंच स्टूल होतं. मी ते बाजूला सरकवून उभ्यानं काम करायची. शेजारी काम करणारी आयरिश बाई रोज सकाळी ते परत माझ्या मागं आणून ठेवायची, मी रोज सरकवायची, आणि आम्ही दोघी त्याबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. शेवटी निकाल पायानंच दिला. जुना पोलिओ उतारवयात पुन्हा डोकं वर काढतो. ज्या स्नायूंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटणीचं काम केलं ते थकतात. मला तपासणारा कन्सल्टंट डॉक्टर सौम्य बोलणारा होता. त्यानं विचारलं, तुम्ही दिवसभर उभ्या का राहता? मी म्हटलं, सवय. तो म्हणाला की आता तुमच्या पायात चालणं मोजकंच उरलं आहे, तेव्हा ते कुठं वापरायचं ते जरा ठरवून वापरा. मी वेळेआधी रिटायरमेंट घेतली. त्या दिवशी बसमधून घरी येताना तुझी आठवण आली ती काही प्रेमानं नाही. तू मला पाय वापरायला शिकवलंस, पण कशासाठी, ते तू एकटीनंच ठरवलंस. शाळा, कॉलेज, नोकरी, विहार, सभा. ज्यातून पुढं काही घडणार असेल तिथंच जायचं. नुसतं बघायला म्हणून, बरं वाटतं म्हणून, मी कधी कुठं गेलेच नव्हते. उरलेलं चालणं मी अशाच एखाद्या बिनकामाच्या गोष्टीवर उधळणार, असं मी बसमध्येच ठरवलं.

मे महिन्यात मुलीची जपानमध्ये ओकायामाला परिषद होती. मी म्हटलं, मी पण येते. तिला आधी गंमत वाटली, मग काळजी. तुझे जावईही आता नाहीत, आम्ही दोघीच असतो. ते तुला तिकडे भेटले असतील असं मी लिहिणार नाही, तूही तसलं काही मानत नव्हतीस. मुलगी तयार झाली, पण अटी घालून. विमानतळावर व्हीलचेअर घ्यायची, मी नको म्हटलं. हॉटेल स्टेशनच्या अगदी जवळचं, लिफ्ट असलेलं. आणि परिषदेच्या दिवशी मी खोलीत किंवा खालच्या कॅफेत थांबायचं. त्या सकाळी गळ्यात परिषदेचा बॅज अडकवून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू रिलॅक्स कर. एकटी बाहेर नको जाऊ, प्लीज. माझा लक्ष लागणार नाही." तिचं मराठी असंच आहे, सगळं पुल्लिंगी. तू असतीस तर तिला पाटीवर लिहायला बसवलं असतंस. मी "हो" म्हटलं नाही, "नाही"ही म्हटलं नाही. ती गेल्यावर खाली आले आणि रिसेप्शनवरच्या टेबलावर मला त्या कालव्याचं चित्र असलेलं पत्रक दिसलं. पांढऱ्या भिंती, पाण्यावर वाकलेल्या झाडांच्या फांद्या आणि डोक्यावर गवती टोप्या घालून होडीत बसलेली माणसं. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, किती लांब? ती म्हणाली, अगदी जवळ, साधी लोकल जाते.

पत्रकातली होडी पाहिली आणि मला रामटेक आठवलं. तुला आठवतंय की नाही कोण जाणे. तू आमच्याच शाळेत शिकवायचीस, शाळेत मी तुला "बाई" आणि "तुम्ही" म्हणायची, आणि मी अकरा वर्षांची असताना सहलीची जबाबदारी तुझ्याकडं आली. पहाटे उठून तू पुऱ्या तळल्यास, बटाट्याची सुकी भाजी केलीस, डब्यात भरलीस. मी रिबिनी बांधून तयार बसले होते. तू माझ्या वाटीत दोन पुऱ्या ठेवल्यास आणि म्हणालीस की शेजारच्या काकूंकडं थांब, पाढे लिहून ठेव. तू वर्गातल्या सगळ्यांना रामटेकच्या गाडीत बसवून घेऊन गेलीस, फक्त तुझी स्वतःची मुलगी सोडून. संध्याकाळी तू माझ्यासाठी कागदाच्या पुड्यात उकडलेले शिंगाडे आणलेस. मी खाल्ले नाहीत. पण खरं लागलं ते दुसऱ्या दिवशी. वर्गातली एक मुलगी सांगत होती की बाकीचे गडावर गेले तेव्हा बाई खाली तलावापाशीच थांबल्या, मग आम्ही काहीजण त्यांच्याबरोबर होडीत बसलो, आणि होडीत बाई गाणं म्हणाल्या. आई, घरी तू कधी गुणगुणलीसुद्धा नव्हतीस. पोळ्या करताना नाही, मला तेल चोळताना नाही. मी तिला म्हटलं, तू खोटं बोलतेस. ती म्हणाली, शप्पथ.

पुढं मी इथं आल्यावर, एकदा फोनवर, धीर करून तुला विचारलं होतं की मला का नेलं नाहीस. तुला प्रश्न कळायलाच वेळ लागला. मग तू म्हणालीस, "तुला उचलून होडीत घालावं लागलं असतं. पोरं पाहून राहिली असती. माझी लेक कुणाला ओझं दिसू नये." तुला वाटलं तू मला समजावलंस. मी "बरं" म्हटलं आणि आपण हवापाण्यावर बोललो. तेव्हा म्हणायला हवं होतं ते आता म्हणते. मला ओझं व्हायचं होतं. एकच दिवस, त्या होडीपुरतं. कुणीतरी उचललं असतं, माझा फ्रॉक वर गेला असता, पोरं हसली असती, आणि मग तू गायला लागली असतीस आणि मी ते ऐकलं असतं.

तर मी ट्रेनमध्ये बसले. प्लॅटफॉर्म सापडायला काही त्रास झाला नाही. डब्यात शाळेच्या युनिफॉर्ममधल्या मुली होत्या, झोपलेली माणसं होती, आणि माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेतलेली एक म्हातारी बाई येऊन बसली. तिनं माझ्या कॅलिपरकडं सरळ पाहिलं, आडून नाही. मग आपल्या पँटचा पाय थोडा वर करून गुडघ्यावरचा ऑपरेशनचा व्रण मला दाखवला आणि खांदे उडवले. मला हसू आलं, तीही हसली. पिशवीतून तिनं मला एक संत्रं दिलं. नागपूरच्या बाईला संत्रं, पण हे तिला सांगणार कसं? तेवढ्यात फोन वाजला. मुलीनं मधल्या सुटीत हॉटेलवर फोन केला होता आणि मी कालवा बघायला निघाल्याचं तिथून तिला कळलं होतं. जपानमध्ये ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत, सगळा डबा गप्प असतो. मी तोंडावर हात धरून पुटपुटले, "ट्रेनमध्ये आहे, बोलता येत नाही," आणि फोन ठेवला. इतक्या सोयीचा नियम मला आयुष्यात दुसरा मिळालेला नाही. मग मेसेज यायला लागले. कुठला ट्रेन. कुठे उतरणार. पुढच्या स्टेशनला उतर, मी येते. मी फोन पर्समध्ये टाकला. खिडकीबाहेर भाताची खाचरं, कौलारू घरं, दोऱ्यांवर वाळणारे कपडे. ओकायामा मागं पडलं आणि मी घाबरले होते, हे खरं आहे. पण उतरावंसं एकदाही वाटलं नाही.

स्टेशनपासून कालव्यापर्यंत छप्पर असलेली बाजाराची गल्ली आहे. तिथवर सपाट होतं. पुढं दगडी फरसबंदी लागली आणि काठी प्रत्येक फटीत अडकायला लागली. मी तीनदा बाकावर बसले. बसले, आई, आणि आजूबाजूला बघत बसले. गोदामांच्या भिंती खाली काळ्या, वर पांढऱ्या, मधल्या फरशांवर चुन्याच्या जाड रेघा. पूर्वी इथं तांदूळ यायचा, मग कापूस यायचा, होड्या भरून. आता कालव्यात पोचवायचं असं काही उरलेलं नाही, नुसती माणसं या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात. मला ते फार आवडलं. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांखालून होडी आली, नावाडी मागं उभा राहून लांब बांबूनं ती रेटत होता, आणि मी तिकिटाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

तिकीट देणारी बाई माझ्या पायाकडं पाहून गोंधळली. तिनं इंग्रजीतला एक कागद पुढं केला: होडीत जायला दगडी पायऱ्या आहेत, कठडा नाही. मी म्हटलं, चालेल. तिनं नावाड्याला बोलावलं. तो साठीच्या आसपासचा, निळा अंगरखा घातलेला माणूस. त्यानं पायऱ्या पाहिल्या, मला पाहिलं, आणि मग माझ्याकडं पाठ करून खाली उकिडवा बसला, दोन्ही हात मागं करून. पाठीवर घ्यायला तयार होता. मनापासून सांगते, क्षणभर वाटलं की घ्यावं. पण मी अकरा वर्षांची नव्हते, आणि कुणाच्या पाठीवरून जायचा तो दिवस कधीच होऊन गेला होता. मी मान हलवली. काठी तिकिटवाल्या बाईच्या हातात दिली, गुडघा वाकावा म्हणून कॅलिपरची कडी सोडली, आणि वरच्या पायरीवर बसले. मग दोन्ही हात मागं टेकून एक पायरी खाली सरकले.

आता तुझा चेहरा मला दिसतो आहे. बुद्धपौर्णिमेचा दिवस, विहाराच्या पायऱ्या, सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत. मी फार तर सात-आठ वर्षांची. वंदना लांबली होती, पाय भरून आला होता, म्हणून उतरताना मी पायरीवर बसले आणि नव्या पांढऱ्या फ्रॉकसकट घसरत निघाले. मला तो खेळ वाटला होता. तू गर्दीतून आलीस, दंडाला धरून मला उचललंस आणि दातओठ खाऊन म्हणालीस, "लोकं पाहून राहिले. उठ." घरी आल्यावर मला भिंतीशी उभी करून तू जे बोललीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. आपली माणसं पिढ्यान् पिढ्या खाली मान घालून, जमिनीकडं पाहून जगली. माझी लेक जमिनीवरून सरपटणार नाही. ती उभी राहील नाहीतर जागची हलणार नाही. बाबा म्हणाले, अगं लहान आहे ती. तू म्हणालीस, म्हणूनच.

तू कुठून आलीस ते मला माहीत आहे. तुझ्या आईला शाळेच्या वऱ्हांड्याबाहेर बसवलं होतं, तू नागपूरला यायच्या आधी त्याच गावच्या शाळेत खुर्चीवर बसून शिकवलंस. वाकणं म्हणजे काय हे तुला कळत होतं. मला ते सगळं मान्य आहे. पण मी वाकले नव्हते, आई. मी दमले होते. या दोन गोष्टींतला फरक तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईला कळू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

दुसऱ्या पायरीवर असताना वरच्या पुलावरून मराठी ऐकू आलं. पुण्याकडचं असावं. एक बाई कुणाला तरी म्हणत होती, "अरे, त्या काकू पडल्या बहुतेक." सगळ्या जगात माझी लाज काढायला माझीच भाषा तिथं हजर झाली होती. पूर्वी मी तिथंच विरघळून गेले असते. मी मान वर केली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "पडले नाही हो. बसलेय." ती बाई कठड्यावरून दचकून मागं झाली, मग तिच्या नवऱ्यानं मदतीला येऊ का विचारलं. मी म्हटलं, नको, तुम्ही पूल बघा, छान आहे. आणि पुढची पायरी उतरले. दगड उन्हानं तापलेला होता. पँटची शिवण कुठंतरी उसवल्याचा आवाज आला. शेवटच्या पायरीवरून होडीच्या काठावर, काठावरून आत, नावाड्यानं फक्त होडी पक्की धरून ठेवली, मला हात लावला नाही. आत पोचले, पाय लांब करून बसले. त्यानं गवती टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि हनुवटीखाली दोरी बांधून घ्यायची खूण केली. आई, मी बसून उतरले आणि माझं काहीही कमी झालं नाही. मी तपासून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

होडीतला प्रवास फार काही नव्हता. पाणी हिरवट, उथळ, तळाशी मोठे मासे हळूहळू फिरणारे. नावाडी जपानीत काय काय सांगत होता आणि पुढं बसलेलं एक जोडपं माना डोलावत होतं. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि काही कळून घ्यायचं नव्हतं. होडी इतकी खाली असते की काठावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. सँडल, बूट, एका आजोबांचे मोजे, धावणारी पोरं. सगळं गाव पायांचं. जन्मभर लोकांनी माझे पाय पाहिले, त्या दिवशी मी सगळ्यांचे पाहून घेतले. झाडाची एक फांदी टोपीला घासून गेली. मी गाणं म्हटलं नाही. मला येत नाही. तू शिकवलं नाहीस.

परत आलो तेव्हा वरच्या पायरीवर माझी मुलगी उभी होती, गळ्यात बॅज, हातात माझी काठी, चेहरा पांढरा पडलेला. कुणाचं तरी व्याख्यान अर्ध्यात सोडून ती पुढची ट्रेन पकडून आली होती. चढणं उतरण्यापेक्षा अवघड असतं, दोन्ही हातांनी अंग वर रेटायचं आणि पाय मागून ओढून घ्यायचा. मी पहिली पायरी चढले. ती म्हणाली, "आई, उठ ना. मी धरते. सगळे लोक बघतात." तिला मराठी तोडकंमोडकं येतं, पण हे वाक्य तिनं अगदी शुद्ध म्हटलं. तुझा आवाज जसाच्या तसा. ती तुला चारदोनदा भेटलेली, तेही सुट्टीत. हे तिला कुणी दिलं? मीच दिलं असणार, नकळत, ताटात वाढावं तसं.

मी तिथंच थांबले आणि म्हटलं, "बघू दे त्यांना. तू पण बघ. मला अशीच वर यायचंय."

मग माझी काठी मांडीवर आडवी घेऊन ती वरच्या पायरीवर बसली. तिनं मला हात दिला नाही. मी एकेक पायरी वर येत होते आणि ती नुसती पाहत होती. मी तिच्या शेजारी पोचले तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "तुझा पँट फाटला." मी म्हटलं, "फाटली." ती म्हणाली, "व्हॉटेव्हर," आणि हसली, आणि मग रडली.

नंतर आम्ही पलीकडं सूतगिरणीच्या जुन्या आवारात गेलो. लाल विटांच्या भिंतींवर वेल चढवलेले आहेत, आत आता हॉटेल आहे. बाबांच्या गिरणीच्या भिंती अशाच विटांच्या होत्या, त्या पाडल्या. इथं त्यांनी जपून ठेवल्यात. तिथल्या बाकावर बसून आम्ही ते संत्रं सोलून खाल्लं. मुलगी म्हणाली की तिची भीती मी पडण्याची नाहीच, मी पडेन तेव्हा ती तिथं नसेल याची आहे. तुझंही तसंच असावं. पण तू ते कधी बोलली नाहीस, मला उभं ठेवलंस. मी तिला म्हटलं, ती भीती तुझी आहे, ती तू सांभाळ. मी आजीची आयुष्यभर सांभाळली, आता मला दुसऱ्या कुणाची घ्यायची नाही. हे ऐकायला कठोर आहे. तिनं ऐकून घेतलं. येताना ट्रेनमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि तिच्या फोनवर परिषदेतले मेसेज येत राहिले.

कन्सल्टंटनं सांगितल्याप्रमाणेच झालं. त्या एका दिवसानं पायातलं बरंच काही संपवलं. परत आल्यावर आठवडाभर मी पलंगावर होते, आणि नंतर पाय पूर्वीसारखा झाला नाही. मुलीनं "मी सांगितला होता" असं म्हटलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. मला पश्चात्ताप झालेला नाही, होणारही नाही. तू उभं केलंस त्या पायांनी मी शेवटचं लांबचं चालणं एका निरुपयोगी कालव्यापर्यंत केलं. तू ठरवलं असतंस तर ते कुठल्या तरी सभेत संपलं असतं.

हे कागद कुठंही जायचे नाहीत हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं, तरी तुझ्याशी भांडायला इतकी पानं लागली. आणखी एक राहिलं. उन्हाळा संपताना मी हॉस्पिटलकडून व्हीलचेअर घेतली. मुलीला वाटतं मी नाइलाजानं घेतली. ती फोनवर माझी समजूत काढते आणि मी काढून घेते. आमच्या घरापासून पार्कपर्यंत रस्त्याला लांब उतार आहे. सकाळी तिथं कुणी नसतं. मी मधोमध जाते आणि चाकांवरचे हात सोडते. आई, मला फार मजा येते.